थेटफर्डचे ढीग

क्वेबेकमधील थेटफर्ड माइन्स या कॅनडियन गावाजवळच्या एका खाणकचऱ्याच्या ढिगातून ऐन हिवाळ्यात उबदार हवा बाहेर पडते. संशोधकांनी ती तपासली, तेव्हा तिच्यात कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नव्हताच. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निरीक्षण वाचून आम्हांस त्या ढिगाचा इतिहास पाहावासा वाटला.

१८७६ मध्ये तेथे अ‍ॅस्बेस्टॉस सापडले. खडक फोडून तंतू घ्यावयाचे व उरलेला चुरा टाकून द्यावयाचा, असे शतकाहून अधिक काळ चालले. प्रांतात आज असा सुमारे ८० कोटी टन चुरा पडून आहे. डिचोलीकडचे खाणमातीचे ढिगारे पाहिलेल्या वाचकांस ते दृश्य ओळखीचे वाटेल. पण साम्य दिसण्यापुरतेच. गोव्याची माती लोहखनिजाची, तर क्वेबेकचा चुरा मुख्यतः सर्पेंटाइनचा, म्हणजे मॅग्नेशियमयुक्त. ओल्या चुऱ्यातील मॅग्नेशियम हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते, पांढरे कार्बोनेट तयार होते आणि उष्णता बाहेर पडते. सिलिकेट खडकांत हा वायू कायमचा बांधून ठेवावा, ही कल्पना झाइफ्रिट्झ यांनी १९९० मध्येच ‘नेचर’मध्ये मांडली होती.

एक टन वायूस दोन टनांहून थोडे अधिक सर्पेंटाइन लागते. म्हणजे सगळा चुरा कामी आला, तरी कागदावर ३५ ते ४० कोटी टन वायू बांधला जाईल. जग तेवढा चार दिवसांत सोडते. तरीही आम्ही ही गोष्ट क्षुल्लक मानत नाही. फुकट पडलेला दगड काही करीत असेल तर करू द्यावा.

अडचण निराळीच आहे. आपोआप होणारी ही क्रिया फार संथ. वेग हवा तर ढीग उकरावा लागतो, आणि त्या चुऱ्यात तंतू अजून आहेत. फेब्रुवारी १९४९ मध्ये थेटफर्ड व अ‍ॅस्बेस्टॉस या गावांतील सुमारे ५००० खाणकामगार संपावर गेले, तेव्हा वेतनवाढीबरोबर धूळ हटविण्याचीही त्यांची मागणी होती. संप साडेचार महिने चालला. वेतन थोडे वाढले. धूळ पुढे कित्येक वर्षे उडतच राहिली. तेथील अखेरच्या खाणी २०११-१२ च्या सुमारास बंद पडल्या आणि अ‍ॅस्बेस्टॉस गावाने २०२० मध्ये आपले नावच बदलले. ज्यांच्या फुफ्फुसांत ती धूळ गेली, त्यांच्याच नातवंडांच्या दारात आता ढीग उकरण्याच्या योजना येतात. त्यांनी आधी धुळीची हमी मागितली तर त्यांस विज्ञानविरोधी म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

अखेरच्या वर्षांत या तंतूंचा एक मोठा ग्राहक भारत होता. ते तंतू आपल्याकडील सिमेंटच्या पत्र्यांत आजही आहेत. क्वेबेकच्या ढिगांचा हिशेब मांडताना मात्र ते कोणी मोजीत नाही.