सोर्स कोडची सुरक्षा-तपासणी

प्रोग्राम न चालवता, त्याचा मूळ कोड वाचून त्यातले सुरक्षेच्या दृष्टीने कच्चे दुवे शोधण्याची पद्धत. संगणक व्यवसायात तिला ‘स्टॅटिक अ‍ॅनालिसिस’ किंवा ‘सास्ट’ म्हणतात. बँकांच्या कागदपत्रांत ‘सोर्स कोड ऑडिट’ असा शब्द येतो. त्यात स्कॅनरचा, म्हणजे कोड आपोआप वाचणाऱ्या साधनाचा, अहवाल आणि जाणकाराने स्वतः केलेले वाचन ही दोन्ही धरलेली असतात. चालू यंत्रणेवर बाहेरून हल्ला करून पाहणे, म्हणजे ‘पेनिट्रेशन टेस्टिंग’, हे याहून वेगळे. निपाणीच्या वखारीत तंबाखूची प्रत रंग, वास आणि हाताला लागणारा चिकटपणा यांवरून ठरते, पान पेटवून नव्हे. स्कॅनरचे कामही त्याच जातीचे.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या महाराष्ट्र-कर्नाटक सीमापट्ट्यात हा विषय पोचला तो मुख्यतः नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या वाटेने. तिथलेच उदाहरण घेतले की स्कॅनरची रीत नीट उलगडते. पिग्मी ठेव या भागात घरोघरी माहीत आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने (तेव्हाचे नाव कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट) १९२८ मध्ये सुरू केलेली ही रोजच्या बचतीची पद्धत. पूर्वी एजंट वही घेऊन दुकानोदुकानी फिरे, आता हातातले यंत्र किंवा मोबाइल अ‍ॅप घेऊन फिरतो. समजा, अ‍ॅपमध्ये खातेदाराचे नाव टाकून शोधायची सोय आहे आणि प्रोग्रामरने ते नाव जसेच्या तसे डेटाबेसला विचारायच्या वाक्यात जोडले आहे. नावाच्या जागी कोणी एक अवतरणचिन्ह आणि पुढे स्वतःची आज्ञा लिहिली, तर डेटाबेस ती आज्ञाही पाळतो. याला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. कच्च्या दुव्यांच्या ‘सीडब्ल्यूई’ या जागतिक यादीत त्याचा क्रमांक ८९ आहे.

स्कॅनर आधी कोडचे व्याकरण सोडवून त्याचा वृक्ष मांडतो. मग कोणत्या ओळीवरून कोणत्या ओळीवर जाता येते याचा आलेख तयार करतो. बाहेरून आलेली प्रत्येक माहिती तो ‘डागाळलेली’ मानतो आणि तो डाग आलेखावरून पुढे कुठे कुठे जातो ते पाहतो. वाटेत माहिती पारखली गेली, किंवा प्रश्नाचा साचा आणि त्यात भरायची माहिती वेगवेगळी ठेवली गेली, तर डाग पुसला गेला असे धरतो. तसाच डाग डेटाबेसच्या आज्ञेपर्यंत पोचला तर इशारा देतो. नाव एका फाइलीत घेतले आणि पाच फंक्शनांतून फिरून सहाव्यात वापरले, तर हा माग काढणे पुष्कळ अवघड होते. त्याहून अवघड प्रकार म्हणजे नाव आज निमूटपणे साठवले जाते आणि संध्याकाळी ‘डे-एंड’चा अहवाल काढताना उचल खाते. स्वस्त स्कॅनर नेमके इथेच मार खातात. त्यांपैकी काही तर डाग पाहतच नाहीत. धोकादायक फंक्शनांची नावे कोडमध्ये शोधतात आणि सापडले की बोट दाखवतात.

कोडमध्येच लिहून ठेवलेला पासवर्ड मात्र साधा स्कॅनरही पकडतो. तो नंतर खोडला तरी कोडच्या जुन्या आवृत्त्यांत शिल्लक राहतो, म्हणून इतिहासही तपासावा लागतो आणि सापडलेला पासवर्ड बदलावाच लागतो.

ही पद्धत परिपूर्ण होऊच शकत नाही, आणि यात कोणा कंपनीचा दोष नाही. प्रोग्रामच्या वर्तनाविषयीचा कोणताही सार्थ प्रश्न सगळ्या प्रोग्रामांसाठी अचूक सोडवणारी एकच रीत असू शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे प्रत्येक स्कॅनर एकतर खोटे इशारे देतो किंवा खरे दुवे सोडतो. बहुतेक दोन्ही करतात. शेकडो इशाऱ्यांचा अहवाल हातात पडला की प्रोग्रामर पहिली दोन पाने वाचून बाकीची मिटवतो. २०१४ मध्ये उघडकीस आलेली ‘हार्टब्लीड’ ही ओपनएसएसएल या कूटलेखन-सॉफ्टवेअरमधली त्रुटी त्या वेळच्या नामांकित स्कॅनरांच्या नजरेतूनही निसटली होती. कव्हरिटी या स्कॅनर-कंपनीने ती पकडणारी युक्ती आपल्या साधनात नंतर बसवली. शिवाय व्यवहाराचे नियम स्कॅनरला ठाऊक नसतात. ज्याने नोंद केली त्यानेच ती मंजूर करू नये हा ‘मेकर-चेकर’चा नियम कोडमध्ये लिहायचाच राहिला, तर नसलेली ओळ त्याला दिसत नाही. पिग्मी एजंटाला कालची पावती आज बदलता येते की नाही, हेही माणसानेच बसून वाचावे लागते.

पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या दिवसांत झालेल्या हल्ल्यात ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले; त्यातली काही रक्कम कोल्हापुरातल्या एटीएममधूनही काढली गेली. तो हल्ला एटीएम स्विचच्या वाटेत शिरवलेल्या घातक प्रोग्रामाचा होता. बँकेचा स्वतःचा कोड कितीही स्कॅन केला असता तरी असा प्रकार त्यात दिसला नसता. सहकारी बँकांच्या सभांत हे उदाहरण कोड स्कॅन करून घ्या म्हणून दिले जाते, ते बरोबर नाही.

या शास्त्राच्या पायाभरणीत मुंबई-पुण्याचा वाटा मोठा आहे, आणि तो मराठीत फारसा सांगितला जात नाही. १९७३ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी ‘डेटा फ्लो’ विश्लेषणाची सर्वसाधारण रीत मांडली, १९७७ मध्ये पॅट्रिक आणि राधिया कुझो यांनी त्यामागचे गणित दिले. बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी त्याच दशकाच्या अखेरीस सी भाषेसाठी ‘लिंट’ हे पहिले गाजलेले तपासणी-साधन लिहिले. मुंबईच्या आयआयटीत धनंजय धामधेरे यांनी डेटा फ्लोवर दीर्घकाळ काम केले. उदय खेडकर आणि धामधेरे यांचा या विषयावरचा महत्त्वाचा निबंध १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा ‘डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस’ हा ग्रंथ २००९ मध्ये आला. या संशोधनाचा मूळ हेतू कंपायलरने वेगवान कोड तयार करावा हा होता. सुरक्षावाल्यांनी तेच तंत्र डागाचा माग काढायला उचलले. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात कोड तपासणारी साधने घडली. तिथल्या ‘व्हेरिअ‍ॅब्स’ने २०२० च्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर-पडताळणी स्पर्धेत एका गटात पहिला क्रमांक मिळवला.

सीमाभागातल्या संस्थांना ही तपासणी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांतून कळली. व्यापारी बँकांसाठीच्या २ जून २०१६ च्या चौकटीत महत्त्वाच्या सॉफ्टवेअरचे सोर्स कोड ऑडिट करून घेण्याचा विचार करावा, किंवा कोडमध्ये घातक काही नसल्याची हमी पुरवठादाराकडून घ्यावी, असे म्हटले आहे. नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत चौकट १९ ऑक्टोबर २०१८ रोजी आली. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने या बँका चार स्तरांत विभागल्या; इंटरनेट बँकिंग, स्वतःचे एटीएम स्विच, स्विफ्ट अशा सोयी वाढतील तशा अटी वाढतात. २०१६ च्या वाक्यातला ‘किंवा’ पळवाटीचा आहे. एका पानाचे हमीपत्र ऑडिटपेक्षा स्वस्त पडते, आणि ते देणारा तोच असतो ज्याचे काम तपासायचे आहे.

पतसंस्थांची गोष्ट निराळी. कर्नाटकात १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या पतसंस्था आहेत. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडे शाखा असणाऱ्या संस्था २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली येतात. पतसंस्था ही बँक नसल्याने वरची परिपत्रके तिला लागू होत नाहीत. पिग्मीचा पैसा मात्र तिच्याकडेही येतो, आणि अ‍ॅप बऱ्याचदा त्याच धाटणीचे असते. सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश व्यापक आहे, पण तो घटना घडल्यानंतरचा.

तपासणीत खरी अडचण येते ती स्कॅनरच्या आधी: कोड कोणाकडे आहे? लहान संस्था सॉफ्टवेअर विकत घेते तेव्हा तिला फक्त चालवण्याचा परवाना मिळतो. कोड पुरवठादाराकडेच राहतो. करारात कोड तपासू देण्याचे कलम नसेल, तर नंतर मागून तो मिळत नाही. ‘एस्क्रो’ करारात कोड तिसऱ्या पक्षाकडे ठेवला जातो. त्याचा उपयोग पुरवठादाराने गाशा गुंडाळल्यावर होतो, रोजच्या तपासणीला नाही. अ‍ॅपच्या बाबतीत थोडी वाट आहे. एजंटाच्या फोनमधली एपीके फाइल उलगडून तपासणारी मोबएसएफसारखी मोफत साधने आहेत, आणि त्यांना मूळ कोड लागत नाही. हल्लेखोरही तेच करतो, म्हणून अ‍ॅपमध्ये लपवलेला पासवर्ड लपलेला नसतोच. करार मोडू नये म्हणून अशी तपासणी पुरवठादाराला कळवून करावी.

जुन्या सॉफ्टवेअरचा पेच आणखी वेगळा. नव्वदच्या दशकात छोट्या कार्यालयांची कामे सर्रास फॉक्सप्रोमध्ये लिहिली गेली. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या जानेवारीत व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार पूर्ण थांबवला. आजच्या बहुतेक स्कॅनरना ती भाषा वाचताच येत नाही, आणि जो कोड वाचताच येत नाही त्यातला डाग कसा शोधणार? अशा ठिकाणी माणसाने बसून वाचणे, किंवा ती यंत्रणा बदलणे, एवढेच उरते.

सीमाभागाला खास लागू पडणारी गोष्ट लिपीची आहे. इथल्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी आणि कन्नड शेजारी शेजारी नांदतात. केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी २०२१ मध्ये ‘ट्रोजन सोर्स’ दाखवून दिले: मजकुराची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हे पेरली, की वाचणाऱ्याला कोड एक दिसतो आणि कंपायलर दुसराच वाचतो. त्यानंतर स्कॅनर अशा चिन्हांवर इशारे देऊ लागले. काही जणांनी सरसकट सगळीच अदृश्य चिन्हे काढून टाकायचा नियम केला, आणि तो आपल्याकडे चालत नाही. कऱ्हाडमधला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे साठवता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र्’पुढे शून्य-रुंदीचे जोडचिन्ह देऊन. दुसऱ्या प्रकारातले ते चिन्ह काढले की ‘कर्हाड’ उरते. कन्नडमध्येही ‘र’ची काही जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी हेच चिन्ह लागते. म्हणून दिशा बदलणारी चिन्हे अडवावीत, जोडचिन्ह राहू द्यावे, आणि नावे साठवण्याआधी एकाच रूपात आणावीत. नाहीतर एकाच आडनावाची दोन खाती दिसायला सारखी आणि संगणकाला वेगळी ठरतात. केवायसीची जुळणी तिथेच चुकते.

शिक्षणाची सोय बेळगावातच आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ पासून तिथे आहे, आणि १९७९ मध्ये निघालेल्या गोगटे इन्स्टिट्यूटसह गावात अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासक्रमात ‘सिस्टिम सॉफ्टवेअर अँड कंपायलर्स’ हा विषय होता. लेक्स आणि याक वापरून भाषेचे व्याकरण ओळखणारा प्रोग्राम लिहिणे त्यात येते. याक हे लिंट लिहिणाऱ्या स्टीफन जॉन्सन यांचेच काम. स्कॅनरची पहिली पायरी, म्हणजे कोडचे व्याकरण सोडवणे, विद्यार्थी अशा रीतीने प्रात्यक्षिकात करून गेलेला असतो. पुढच्या डागाच्या मागासाठी त्याला डेटा फ्लोचे प्रकरण वाचावे लागते, आणि सरावाला सेमग्रेपसारखी खुली साधने मोफत मिळतात.