न विचारलेला प्रश्न : ग्रामीण आरोग्यकेंद्र आणि बालकांचे मनःस्वास्थ्य

भारतात बालकांच्या मनःस्वास्थ्याची पद्धतशीर सेवा प्रथम शहरात सुरू झाली. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाच्या आश्रयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र निघाले. हट्टी, भित्र्या किंवा शाळेत मागे पडणाऱ्या मुलाचा विचार त्याच्या घराच्या व शाळेच्या संदर्भात करावयाचा, ही दृष्टी तेथे रुजली. खेड्यातील आरोग्यव्यवस्थेचा पाया मात्र स्वतंत्रपणे घातला गेला. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने प्राथमिक आरोग्यकेंद्राची कल्पना मांडली. परंतु हिवताप, देवी आणि बालमृत्यू यांच्याशी झगडणाऱ्या त्या केंद्रांत मुलाच्या मनाचा विचार होण्यास अवकाश नव्हता. हे दोन प्रवाह सुमारे चार दशके एकमेकांपासून दूरच राहिले.

त्यांना जोडण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न १९७५ मध्ये झाला. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी अनेक देशांत एक सहकारी अभ्यास हाती घेतला. सामान्य आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातून मानसिक आरोग्यसेवा देता येईल काय, हा त्याचा विषय होता. भारतातील क्षेत्र म्हणून हरियाणातील रायपूर राणी हा ग्रामीण विभाग निवडण्यात आला, आणि चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने ते काम चालविले. त्याच सुमारास बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने सकलवारा येथे तशाच स्वरूपाचे कार्य आरंभिले.

या अभ्यासाचा बालकांविषयीचा भाग १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारत, कोलंबिया, फिलिपिन्स व सुदान या चार देशांतील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत आलेल्या ९२५ मुलांची त्यात पाहणी होती. मानसिक विकारांचे प्रमाण निरनिराळ्या क्षेत्रांत १२ ते २९ टक्के आढळले. आरोग्य कर्मचाऱ्यांनी स्वतः ओळखलेल्या विकारांचे प्रमाण मात्र अवघे १० ते २० टक्के होते. म्हणजे दहांपैकी आठ-नऊ मुले केंद्रात येऊनही, मनाच्या दुखण्यापुरती, न ओळखली जाताच परत गेली.

या आकड्यांपेक्षाही त्यांमागील कारण अधिक उद्बोधक आहे. पाहणीत प्रथम मुलासोबत आलेल्या व्यक्तीला, म्हणजे बहुधा आईला, दहा साधे प्रश्न विचारले जात. मुलाच्या बोलण्यात काही वेगळेपण आहे काय, झोप नीट लागते काय, ते विनाकारण भिते काय, इतर मुलांत खेळते काय, अंथरूण ओले करते काय, असे त्यांचे स्वरूप होते. विचारताच आया ही लक्षणे सहज सांगत. तेव्हा अडचण आईच्या अज्ञानाची नव्हती. केंद्रात तो प्रश्नच विचारला जात नव्हता.

येथे भाषेचा संबंध येतो. मराठी खेड्यातील आई ‘मनोविकार’ हा शब्द वापरणार नाही. मुलाने ‘धसका घेतला’, ते ‘घुमे झाले’, रात्री ‘दचकून उठते’, असे ती सांगेल. हे शब्द निदान नव्हेत, पण त्यांत बारकाईचे निरीक्षण साठविलेले असते. उलट, कर्मचाऱ्याच्या नोंदवहीला ‘पोटदुखी’, ‘ताप’, ‘अशक्तपणा’ हीच सदरे परिचित असतात. ‘मुलाला मानसिक त्रास आहे का?’ असा प्रश्न केलाच, तर त्यात आईला वेडाचा आरोप ऐकू येतो, आणि ती मौन धरते. कोरकू, भिली किंवा वारली बोलणाऱ्या घरी तर प्रमाण मराठीतील प्रश्नही परका ठरतो.

पुढील धोरणात हा धडा सावकाश उतरला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये स्वीकारला गेला. बेल्लारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या आधारे १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. तथापि त्यांचा भर मुख्यतः तीव्र मनोविकार व अपस्मार यांसारख्या ठळक व्याधींवर राहिला. भिणारे, न खेळणारे मूल त्यांच्या कडेलाच राहिले. महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, तेव्हा अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांची तपासणी करण्याची योजना ठरली. तीत विकासातील विलंब, भाषाविकासाची मंदता व वर्तनाच्या काही अडचणी यांचा समावेश झाला. २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या विस्तारित सेवांतही मानसिक आरोग्य आले.

योजनेत नाव आले म्हणजे प्रश्न विचारला गेला, असे मात्र नव्हे. पथक वर्षातून एकदा वा दोनदा येते. आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका गावातच राहतात, आणि बहुधा आईचीच बोली बोलतात. तज्ज्ञांची उणीव एकाएकी भरून निघणारी नाही. पण चार-दोन प्रश्न त्या बोलीत नीट बांधून सेविकेच्या हाती देणे, उत्तरासाठी नोंदवहीत एक सदर राखणे आणि त्या उत्तरानंतर मुलाला कोठे पाठवावयाचे हे निश्चित असणे, एवढे साध्य होण्याजोगे आहे. यांतील तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन व्यर्थ होत. कारण एकदा विश्वासाने सांगितलेल्या आईला काहीच मिळाले नाही, तर ती दुसऱ्यांदा सांगणार नाही.