नकाशावरील जाळीचा इतिहास

नकाशावरच्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी दोन प्रकारची असते. अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते मिळून होते ती वृत्तजाळी. तिची मापे अंश, मिनिटे आणि सेकंदांत असतात आणि ती पृथ्वीच्या गोलावरचे स्थान सांगते. दुसरी जाळी सपाट कागदावर समान अंतरावर आखलेल्या सरळ रेषांची असते. तिला ग्रिड म्हणतात आणि ती मीटर किंवा यार्डांत मोजतात. वृत्तजाळी प्राचीन आहे, ग्रिडचा सार्वत्रिक वापर जेमतेम शंभर वर्षांचा. आज दोन्ही जाळ्या संगणकावर क्षणात उमटतात, पण त्यांच्यामागचे निर्णय शतकानुशतके घडत आलेले आहेत.

इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात एरातोस्थेनीसने ज्ञात जगाच्या नकाशावर काही आडव्या-उभ्या रेषा घेतल्या होत्या. मात्र त्या ऱ्होड्स, अलेक्झांड्रिया अशा प्रसिद्ध स्थळांवरून जाणाऱ्या असल्याने त्यांतले अंतर सारखे नव्हते. पुढच्या शतकात हिपार्कसने वर्तुळाचे ३६० अंश धरून समान अंतराच्या रेषांचा आग्रह धरला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने सुमारे आठ हजार ठिकाणांचे अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवले. त्यामुळे मूळ नकाशा हरवला, तरी आकड्यांवरून तो पुन्हा काढता येणे शक्य झाले. भारतीय ज्योतिषात मूळ रेखावृत्त उज्जयिनीवरून जाणारे मानले जात असे. ते विषुववृत्ताला जेथे छेदते त्या बिंदूला ‘लंका’ हे नाव होते.

चीनने वेगळी वाट धरली. तिसऱ्या शतकात पेई श्यू याने समान चौकोनांच्या आधारे नकाशा काढण्याचे नियम मांडले. ११३६ साली दगडावर कोरलेला ‘यू जी तू’ हा नकाशा शिआन येथे आजही आहे. त्याच्या प्रत्येक चौकोनाची बाजू शंभर ली अंतर दाखवते. या चौकोनांचा खगोलीय अक्षांश-रेखांशांशी संबंध नव्हता. अंतर मोजणे एवढेच त्यांचे काम होते. त्या अर्थाने आधुनिक ग्रिडचे हे जुने रूप ठरते.

भारतात जाळीला पक्का पाया मिळाला तो त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे आधाररेषा मोजून कामाला सुरुवात केली. काम उत्तरेकडे सरकत असताना १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने १८३० मध्ये पृथ्वीच्या चपट्या गोलाची मापे निश्चित केली. मध्य भारतातील कल्याणपूर हा सर्वेक्षणाचा आरंभबिंदू ठरला. देशातील प्रत्येक अक्षांश-रेखांशाचा आकडा पुढे या गोलावर आणि या बिंदूवर अवलंबून राहिला.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांची विभागणीही वृत्तजाळीनेच झाली. चार अंश लांबी-रुंदीच्या पत्रकाला क्रमांक, त्यातल्या एक-एक अंशाच्या सोळा भागांना इंग्रजी अक्षरे आणि प्रत्येक भागातल्या पंधरा मिनिटांच्या सोळा तुकड्यांना पुन्हा क्रमांक अशी ती पद्धत आहे. तिच्यानुसार पुणे शहराचा मोठा भाग ‘४७ एफ/१४’ या टोपोशीटवर येतो. हे पत्रक १:५०,००० प्रमाणावर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ५५ सेंटिमीटर उंच भरते. रेखावृत्ते उत्तरेकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून त्याची वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे पाऊण मिलिमीटरने आखूड असते. नकाशा हाताने आखला जाई तेव्हा आरेखकाला हा पाऊण मिलिमीटर सांभाळावा लागे. छापील तक्त्यांतून पत्रकाच्या कोपऱ्यांची आणि मधल्या छेदबिंदूंची अंतरे घ्यायची, पोलादी पट्टी आणि लांब दांड्याचा कंपास वापरून ते बिंदू कागदावर मांडायचे, कर्णांची लांबी पडताळायची आणि मगच रेषा जोडायच्या, असा क्रम होता. रस्ते, नद्या, गावे त्यानंतर येत. जाळी चुकली तर सगळा नकाशा चुकला.

ग्रिडची निकड पहिल्या महायुद्धात निर्माण झाली. तोफखान्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या लक्ष्यावर मारा करायचा होता. त्यासाठी अंतर आणि दिशा साध्या भूमितीने काढणे भाग होते. अंश-मिनिटांवर ते गणित रणभूमीवर जमण्यासारखे नव्हते. ब्रिटिशांच्या खंदक-नकाशांवर सहा हजार यार्डांचे चौकोन अक्षरांनी आणि त्यांतले हजार यार्डांचे चौकोन आकड्यांनी दाखवले जात. फ्रेंचांनी लॅम्बर्टच्या शंकू-प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या एका गणिती रीतीवर, आधारलेले ग्रिड वापरले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातही याच प्रक्षेपणाचे विभागवार ग्रिड रूढ झाले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यातल्या ‘तीन-ए’ विभागात पडे. त्याचा मूळबिंदू १९ अंश उत्तर आणि ८० अंश पूर्व असा होता. त्या बिंदूला शून्य न देता पूर्वेकडचे तीस लाख यार्ड आणि उत्तरेकडचे दहा लाख यार्ड असे आकडे दिले गेले, म्हणजे विभागात कुठेही उणे संख्या येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने साऱ्या जगासाठी यूटीएम ही पद्धत स्वीकारली. ती आडव्या मर्केटर प्रक्षेपणावर उभी आहे. जोहान हाइनरिश लॅम्बर्टने १७७२ मध्ये ज्या लेखनात शंकू-प्रक्षेपण मांडले, त्यातच हेही प्रक्षेपण होते. यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे केले जातात. प्रत्येक पट्ट्याच्या मध्य रेखावृत्ताला पाच लाख मीटर हा आकडा दिलेला असतो.

संगणक आल्यावर आरेखकाच्या तक्त्यांची जागा सूत्रांनी घेतली. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातील जेराल्ड इव्हेन्डेन यांनी १९८०च्या दशकात प्रक्षेपणांची गणिते करणारा ‘प्रोज’ हा प्रोग्राम लिहिला. आजची बहुतेक मुक्त नकाशा-सॉफ्टवेअर त्याच्या पुढच्या आवृत्त्यांवर चालतात. अमेरिकी लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत १९८२ पासून घडलेल्या ‘ग्रास’मध्ये जाळी आखण्यासाठी स्वतंत्र आज्ञा होती. पॉल वेसेल आणि वॉल्टर स्मिथ यांच्या ‘जीएमटी’मध्ये एकाच पर्यायातून चौकट, रेषा आणि आकडे मिळू लागले. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘क्यूजीआयएस’मुळे ही सोय विद्यार्थी आणि छोट्या कार्यालयांपर्यंत विनामूल्य पोचली.

अशा सॉफ्टवेअरमध्ये जाळीची रेषा आधी काढून ठेवलेली नसते. रेषेवरचे बिंदू निवडलेल्या प्रक्षेपणाच्या सूत्रातून काढून जोडले जातात. क्यूजीआयएसमध्ये छपाईच्या आराखड्यात नकाशा ठेवल्यावर त्याच्या गुणधर्मांत ग्रिड जोडता येते. निर्देशक पद्धती कोणती, रेषांतले अंतर किती, पूर्ण रेषा हव्यात की नुसत्या छेदांवरच्या फुल्या, कडेचे आकडे अंशांत की मीटरमध्ये, हे वापरणारा ठरवतो. १:५०,००० प्रमाणावर एक किलोमीटर म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर. म्हणून तेथे एक हजार मीटरचे अंतर सोयीचे पडते. पद्धत यूटीएम असताना एक अंश समजून नुसता ‘१’ टाकला, तर सॉफ्टवेअर तो एक मीटर धरते. एकाच नकाशावर वृत्तजाळी आणि ग्रिड दोन्ही हवी असतील, तर त्या वेगवेगळ्या जोडाव्या लागतात.

महाराष्ट्राच्या नकाशात या निवडीला विशेष महत्त्व आहे, कारण ७८ अंश पूर्व रेखावृत्त राज्यातून जाते. त्याच्या पश्चिमेकडील मुंबई, पुणे, नाशिक, अमरावती यूटीएमच्या ४३व्या पट्ट्यात येतात, तर नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली ४४व्या पट्ट्यात. यवतमाळ शहर या सीमेच्या थोडे पूर्वेला आहे आणि जिल्हा दोन्ही पट्ट्यांत विभागला आहे. सीमेवर ४३व्या पट्ट्याचे ग्रिड-उत्तर खऱ्या उत्तरेच्या एका बाजूला सुमारे एक अंश, तर ४४व्याचे दुसऱ्या बाजूला तितकेच कललेले असते. दोन जाळ्या एकमेकींशी सुमारे दोन अंशांचा कोन करतात. संपूर्ण जिल्ह्याचा नकाशा करताना म्हणूनच एकच पट्टा ठरवून तो शेवटपर्यंत पाळावा लागतो.

दुसरा प्रश्न गोलाचा आहे. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी ‘ओपन सिरीज’ नकाशे आणले. ते डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक गोलावर आणि यूटीएम प्रक्षेपणात आहेत. जुनी पत्रके मात्र एव्हरेस्टच्या गोलावरची आहेत. पुण्याच्या परिसरात या दोहोंतला फरक शंभर मीटरांच्या वर जातो, म्हणजे १:५०,०००च्या कागदावर दोन मिलिमीटरहून अधिक. जुने टोपोशीट संगणकावर घेऊन त्यावर आजची जाळी टाकायची असेल, तर आधी रूपांतर करावे लागते. ते न केल्यास रेषा नेटक्या दिसतात आणि विहीर, बांध, गावाची सीमा चुकीच्या जागी वाचली जाते. म्हणून जाळी असलेल्या प्रत्येक नकाशाच्या समासात गोल, प्रक्षेपण, पट्टा आणि रेषांतले अंतर हे चार तपशील छापलेले असणे आवश्यक आहे.