पाहुणा, पंगत आणि छावणी : चांदा जिल्ह्यातील युवक-श्रमशिबिरांचा इतिहास

वैनगंगेच्या पूर्वतीरावरील आरमोरी आणि तिच्या उत्तरेकडील वडसा या परिसरात दिवाळीनंतर मंडई, शंकरपट व नाटके यांचा हंगाम सुरू होतो. ज्या गावी नाटक असेल त्या गावातील घरे त्या दिवशी सोयऱ्याधायऱ्यांनी भरून जातात. अंगणात चुली पेटतात, पंगती उठतात, आणि सोयरिकीच्या गोष्टीही त्याच निमित्ताने होतात. संस्कृत ‘प्राघुण’ या शब्दापासून प्राकृतातून मराठीत आलेला ‘पाहुणा’ झाडीबोलीत ‘पावना’ होतो; परंतु त्याच्याविषयीचा संकेत सर्वत्र एकच आहे. पाहुण्याने यजमानाच्या घरचे अन्न घ्यावयाचे असते. ते नाकारणे म्हणजे संबंध नाकारणे होय.

हा संकेत ध्यानात घेतल्यावाचून या प्रदेशातील आंतरराष्ट्रीय युवक-शिबिरांच्या इतिहासाचे मर्म उलगडत नाही. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी आरमोरी ज्या चांदा जिल्ह्यात होती, त्याच जिल्ह्याच्या पश्चिम भागात, वरोऱ्याजवळ, १९५१ साली बाबा आमटे यांनी आनंदवनाची वसाहत उभारण्यास आरंभ केला. पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढेच भांडवल त्यांच्यापाशी होते. त्या वर्षीच्या जून महिन्यात विनोबा भावे यांच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. खडकाळ जमीन फोडून विहिरी खणल्या गेल्या आणि भाजीपाला पिकू लागला. येथे मात्र निराळीच अडचण उभी राहिली. रुग्णांच्या हातांनी पिकविलेली भाजी विकत घेण्यास वरोऱ्यात कोणी तयार होईना. जमिनीने जे दिले ते बाजाराने नाकारले. कुष्ठरोग सहजासहजी संसर्गाने पसरत नाही, हे वैद्यकास ठाऊक होते आणि डॅप्सोनसारखे औषधही त्या काळी उपलब्ध झाले होते. तथापि लोकांच्या मनातील भय औषधाने जाण्यासारखे नव्हते.

अशा वेळी ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले. या संघटनेचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल या स्विस शांतिवाद्याने फ्रान्समधील व्हर्डूनच्या रणभूमीनजीक एन या गावी विविध राष्ट्रांतील स्वयंसेवकांची तुकडी नेऊन उद्ध्वस्त घरांच्या उभारणीस हात घातला. कालपर्यंत परस्परांचे शत्रू असलेल्या देशांतील माणसांनी एकत्र फावडे उचलावे, हा त्यामागील विचार होता. सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी नागरी सेवेचा मार्ग खुला असावा, ही संघटनेची मागणी होती. आणि शब्दांपेक्षा कृती श्रेष्ठ, हे तिचे ब्रीद होते. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भीषण भूकंप झाल्यावर सेरेसोल स्वतः भारतात आला आणि तेथील गावांच्या पुनर्वसनात त्याने भाग घेतला.

वरोऱ्यास आलेली तुकडी याच परंपरेतील होती. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच, पिएर ओप्लिगर याच्या नेतृत्वाखाली, अनेक देशांतील तरुण-तरुणी तेथे राहिल्या आणि वसाहतीतील रुग्णांच्या बरोबरीने त्यांनी इमारतींचे बांधकाम केले. यजमानांपाशी पाहुण्यांस देण्यासारखे फारसे काही नव्हते. तेथे राहावयाचे ते वसाहतीतच, आणि जेवावयाचे ते रुग्णांनी पिकविलेले. ज्या संघटनेने कृतीला शब्दांहून वरचे स्थान दिले, तिच्या सभासदांना भाषेच्या भिन्नतेची अडचण इतरांहून कमीच भासली असणार. कारण विटा वाहणे व पंगतीस बसणे या दोन क्रियांना दुभाष्या लागत नाही.

या मुक्कामाचा सर्वांत मोठा परिणाम इमारतींच्या बाहेर घडला. दूरदेशीचे सुशिक्षित तरुण आनंदवनात राहतात, तेथील भाजी खातात आणि धडधाकट राहतात, हे वरोऱ्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर आनंदवनाच्या भाजीला गिऱ्हाईक मिळू लागले. वैद्यकीय प्रमाणाने जे साधले नव्हते ते पंगतीने साधले. लौकिक व्यवहारात पाहुण्यास जेवू घालणे हे यजमानाचे औदार्य मानले जाते. येथे जेवणे हेच पाहुण्याचे देणे ठरले. अर्थात या घटनेत एक विषाद वाटण्याजोगी बाजूही आहे. शेजाऱ्याच्या हातचे अन्न निर्धोक आहे, हे पटण्यासाठी गावाला परक्या देशाच्या माणसाची साक्ष घ्यावी लागली. तरीही ही साक्ष वाया गेली नाही. १९६४ साली आनंदवनात आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले, आणि ज्या आवाराकडे लोक पाठ फिरवीत होते त्याच आवारात परिसरातील विद्यार्थी शिक्षणासाठी येऊ लागले.

पुढे मूल तालुक्यातील सोमनाथ येथे १९६७ साली दुसरा प्रकल्प उभा राहिला. रोगमुक्त झालेल्या माणसांनी जंगलालगतच्या त्या जमिनीवर भातशेती केली. तेथे भरू लागलेल्या युवकांच्या मेळाव्यास ‘श्रमसंस्कार छावणी’ हे नाव मिळाले. मे महिन्याच्या मध्यास, चांद्याच्या प्रखर उन्हात, तरुणांनी एकत्र यावे, सकाळी मातीकाम करावे आणि उरलेल्या वेळात व्याख्याने व चर्चा ऐकाव्यात, अशी तिची घडण होती. येथे येणारे बहुतेक महाराष्ट्रातील होते. तरी श्रमांतून शिक्षण आणि एका पंगतीत भोजन ही वरोऱ्याची रीत कायम राहिली. यजमानही तेच होते : ज्यांना एकेकाळी कोणी उंबऱ्याशी उभे करीत नव्हते, ते.

‘छावणी’ या नावाचाही विचार व्हावयास हवा. ‘शिबिर’ काय किंवा ‘छावणी’ काय, दोन्ही शब्द मुळात सैन्याच्या तळाचे. ‘छावणी’चा धातुसंबंध आच्छादण्याशी, छप्पर घालण्याशी आहे. लष्करी सेवेस पर्याय शोधणाऱ्या सेरेसोलच्या चळवळीचा वारसा मराठीत आला तो सैन्याचाच शब्द घेऊन, आणि त्या शब्दाला त्याचा जुना अर्थ परत देऊन. आरमोरीच्या अंगणातील चूल आणि सोमनाथची छावणी यांत वरकरणी साम्य नाही. परंतु माणसाला माणूस म्हणून मान्य करण्याची कसोटी दोन्हीकडे एकच आहे, आणि ती म्हणजे त्याच्या पंगतीला बसणे.