अंगणातली तोटी

आष्टीचे नाव निघाले की ‘छोडो भारत’ आंदोलनातला १६ ऑगस्ट १९४२ आठवतो. त्या दिवसाने गावाला ‘शहीद आष्टी’ ही ओळख दिली. पण याच वर्धा जिल्ह्यातल्या गावांच्या स्वातंत्र्याचा एक धागा पाणवठ्यावरूनही जातो. अंगणातल्या तोटीला आपण निव्वळ सोय समजतो. खरे तर पाणवठ्यावरची जुनी सत्ता तिनेच मोडली. विहिरीत दोर कोणी सोडायचा आणि ओंजळ धरून कोणी ताटकळायचे, हे जात ठरवीत असे. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, तरी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावाच लागला. वर्ध्यात जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, विहिरीही खुल्या केल्या; पण असे पाणी मालकाच्या मनावर अवलंबून. म्हणूनच राज्यघटनेच्या १५व्या कलमात विहिरी, तलाव, घाट नावानिशी लिहावे लागले.

कोणी म्हणेल, विहिरीबरोबर गाळ उपसायला एकत्र येणारे गावही गेले; आता घरची तोटी गळते आणि कुणी ढुंकून पाहत नाही. तक्रार खोटी नाही, पण गाळ उपसणारे सगळेच हात घागर भरायला मोकळे नव्हते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा : पाणी तासभरच येणार, तर तोटी हवीच कशाला? म्हणून कित्येक ठिकाणी दाब कमी असल्याने खड्ड्यात उतरवलेला नळ नुसता उघडा पाइप असतो. पुरवठा थांबला की रिकाम्या होणाऱ्या वाहिनीत खड्ड्यातले सांडपाणी ओढले जाते आणि ते शेजाऱ्याच्या माठात पोचते. तेव्हा तोटी शक्यतो ओट्यावर, जमिनीपासून वर असावी. नळी बादलीत बुडवून सोडू नये. विदर्भाच्या उन्हात प्लास्टिक ठिसूळ होते, त्यामुळे बाहेर पितळी तोटी बरी. ती गळू लागली तर बहुधा आतला वायसरच झिजलेला असतो. जास्त आवळून तो आणखी चेपतो, बदलला की काम होते. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण घरात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवले. पण दारात नळ आला, तरी जमिनीखालची वाहिनी एकच आहे. पाणवठा अजून सामाईकच आहे. फक्त त्याचा काठ प्रत्येकाच्या अंगणात आला आहे.