ग्रँट रोड नाट्यगृह, मुंबई

ग्रँट रोड नाट्यगृह : मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील एक महत्त्वाचे नाट्यगृह. ‘शंकरशेटची नाटकशाळा’ या नावानेही ते ओळखले जाई. कोटातील, म्हणजे मुंबईच्या तटबंदीच्या आतील, मैदानावर १७७६ मध्ये वर्गणीतून उभारलेली इंग्रजांची नाटकशाळा कर्जापायी १८३५ मध्ये विकली गेली. कर्ज फिटून उरलेल्या रकमेतून नवे नाट्यगृह व्हावे अशी नागरिकांनी मागणी केली, मुंबईतील धनिक जगन्नाथ शंकरशेट यांनी ग्रँट रोडवर जागा दिली आणि १८४६ मध्ये हे नाट्यगृह सुरू झाले. ही जागा कोटाबाहेर, युरोपीय वस्तीपासून दूर असल्याने इंग्रज प्रेक्षक उणावले, पण त्यामुळेच देशी नाटक मंडळ्यांना हा रंगमंच खुला झाला.

एकाच रात्री मुख्य खेळ आणि त्यानंतर फार्स, म्हणजे हसवणूक हाच हेतू असलेले छोटे प्रहसन, करण्याचा रिवाज इंग्रजी रंगभूमीवर रुळलेला होता. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे चेस्टनट स्ट्रीट नाट्यगृह १७ फेब्रुवारी १७९४ रोजी ‘द कॅसल ऑफ अँडलुसिया’ हा ऑपेरा (गाणी आणि गद्य संवाद यांचा खेळ) आणि ‘हूज द ड्यूप’ हा फार्स यांनीच उघडले.

१८५३ मध्ये सांगलीच्या विष्णुदास भावे यांनी ग्रँट रोडला तिकीट लावून मराठी आख्याने, म्हणजे पौराणिक कथानकांचे खेळ, केले. त्यांत झांज-मृदंगाच्या साथीवर सूत्रधार पदे म्हणे, गणपतीमागून मोरावर आरूढ झालेली सरस्वती नाचत येई आणि पात्रे आयत्या वेळी सुचलेली भाषणे करीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीने फार्सी महाकाव्यातील रुस्तम-सोहराबाच्या कथेला ‘धनजी गरक’ या फार्साची जोड दिली. पुढे मराठी मंडळ्यांतही आख्यानानंतर फार्स करण्याची प्रथा पडली. देवदानवांच्या कथेपाठोपाठ समकालीन माणूस त्याच्या रोजच्या भाषेत रंगमंचावर बोलू लागला.

या जोडीचे दोन्ही धागे पुढे एकाच नाटकात गुंफले गेले. पारशी मंडळीच्या ‘इंद्रसभा’ या खेळावरून स्फूर्ती घेऊन अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यांच्या मंडळीने १८९९ मध्ये इंदूरला गो. ब. देवल यांचे ‘संगीत शारदा’ प्रथम सादर केले, त्यात जरठ-बाला विवाहावरील टीका पदांतून आणि विनोदातून एकत्रच प्रकटली. आर्थर मर्फीच्या इंग्रजी सुखात्मिकेवर आधारलेल्या देवलांच्या ‘फाल्गुनराव’ या गद्य नाटकाचेही १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. गाणे आणि हसू यांसाठी रात्रीचे दोन वेगळे भाग करण्याची गरज मराठी रंगभूमीला मग उरली नाही.