सरदारणीचे रहस्य

जाहिरातीलाही कला म्हणता येईल असे कोणी सुचविले, की आपल्यातील रसिक सहसा नाक मुरडतात. मीही त्यांच्यातलाच. परंतु, श्रोतेहो, १९२२ साली जर्मनीत निघालेला, जेमतेम दोन-तीन मिनिटांचा एक मूकपट पाहिल्यापासून माझा हा आग्रह बराच सैल झाला आहे.

त्याच्या नावाचा अर्थ 'सरदारणीचे रहस्य'. जुन्या दरबारी थाटाची एक उमराव स्त्री, तिचे चाललेले प्रणयाराधन, आणि तिच्या रूपाचे गुपित काय, हे कुतूहल. उत्तर अर्थातच 'निव्हिया' क्रीम! कथा म्हणावी तर एवढीच. गोडी आहे ती सांगणाऱ्या हातांत.

ते हात लोटे रायनिगर या तेविशीतल्या बर्लिनकन्येचे. ती कागदातून कात्रीने आकृती कापी. मान, हात, कंबर वेगवेगळी कापून तारेने सांधी. खालून उजळलेल्या काचेवर ती आकृती मांडून केसभर हालवी आणि वरच्या कॅमेऱ्याने एकेक चित्र घेई. पडद्यावरील एका सेकंदासाठी हा खटाटोप पंधरा-वीस वेळा तरी करावा लागे. चेहरा दिसत नाही, डोळे दिसत नाहीत. लाज, नखरा, अधीरता, सारे मानेच्या कलण्यातून प्रकट व्हावयाचे. येथे तर तिने नेहमीची रीत उलटी करून काळ्या पटावर शुभ्र आकृती नाचविल्या. 'निव्हिया' हे नाव लॅटिनमधील हिमवाचक शब्दावरून आलेले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शुभ्रतेचे मर्म कळते. (गोरेपणालाच सौंदर्य मानण्याची खोड मात्र मला रुचत नाही, मग ती तिकडची असो वा आपली.)

पुढे १९२६ साली तिचा 'राजपुत्र अख्मदची साहसे' हा पूर्ण लांबीचा छायापट झळकला; आज उपलब्ध असलेल्या तशा चित्रपटांत तो सर्वांत जुना. त्याची कीर्ती झाली, सरदारणी विस्मृतीत गेली.

१९३३ नंतर तर सारेच विखुरले. जाहिरातपटाचा निर्माता यूलिउस पिन्शेवर ज्यू. तो स्वित्झर्लंडला गेला. 'निव्हिया'च्या कंपनीतील ज्यू संचालकांना दूर व्हावे लागले. रायनिगर ज्यू नव्हती. तथापि हिटलरचे राज्य तिला असह्य झाले आणि तिनेही देश सोडला.

१९३८ साली इंग्लंडमध्ये तिने पुन्हा एक जाहिरात केली, ती टपालखात्याच्या बचत बँकेची. आम्हां सरकारी नोकरांना हे ऐकून बरे वाटावे: त्यात गरीब नायकाला पऱ्यांकडून जो खजिना लाभतो, ते असते बँकेचे पासबुक!